हाताला तेल

४ मार्च, मंगळवार

आजपासून सुरक्षा सप्ताह. सकाळी गेटपाशी सगळ्यांना उभं करून प्रतिज्ञा म्हणायला लावली. पहिली ओळ सगळ्यांनी खणखणीत म्हटली, पुढे नुसता गुणगुणाट. शेवटी टाळ्या मात्र कडकडून. कशासाठी वाजवल्या, देव जाणे.

जानेवारीत मी इथे सुरक्षा अधिकारी म्हणून लागले, तेव्हापासून ओरडून ओरडून घसा बसलेलाच आहे. महाडच्या एमआयडीसीतला मध्यम कारखाना. इंजिन ऑइलमध्ये घालायचं एक अॅडिटिव्ह आम्ही बनवतो. इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून ते तेलात थोडंसं मिसळतात. रंगाला मधासारखं, दाट आणि चिकट. कारखान्यात सगळे त्याला मधच म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी ठणकावलं होतं, मध म्हणू नका! डोळ्यात उडालं तर डोळा जाईल, फाजील तापवलं तर विषारी वायू सुटेल, नदीत गेलं तर मासे मरतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता मीसुद्धा मधच म्हणते.

आज फिलिंगवरचे सदूदादा रंगेहाथ सापडले. पिंपं भरून झाल्यावर सॉल्व्हंटमध्ये चिंधी बुडवून हात पुसत होते. मी ओरडले, "दादा, कातडी सोलून निघेल त्यानं!" तर शांतपणे म्हणाले, "मग मधाच्या हातानं भाकर खाऊ काय, मॅडम? साबणानं जात नाय ता."

हातमोजे दिलेत की. ते घातले तर हात बरबटतीलच कशाला? पण कोण ऐकतो. "मोज्यात काम होत नाय" हे एकच पालुपद. उकाड्याचं निमित्त, दुसरं काय!

९ मार्च, रविवार

मामा पोलादपूरहून कोवळा फणस घेऊन आला. भाजीसाठी चिरायचं काम अर्थातच माझ्यावर. आईने खोबरेल तेलाची बाटली पुढे सरकवली, विळीच्या पात्याला लावलं, माझ्या तळव्यांवर ओतलं. चीक नुसता वाहत होता, पण हाताला म्हणून चिकटला नाही. साबण लावला, गेला.

हात धुता धुता माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. मधसुद्धा असाच चिकट! कामाला लागण्यापूर्वी हाताला तेल चोळलं तर? सॉल्व्हंटची कटकट संपली. बाजारात हाताला लावायची महागडी क्रीम्स मिळतातच की याच कामासाठी. आमचं क्रीम नारळाच्या झाडावर लागतं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय शोध लावलास? फणस चिरणारी कुठलीही बाई सांगेल." आई कधी सरळ कौतुक करेल तर शपथ.

१२ मार्च, बुधवार

जमलं! जमलं! जमलं!

सगळ्या फिलिंग सेक्शनसमोर प्रात्यक्षिक केलं. तळहाताला तेल चोळलं, पिंपाच्या बुचावर ओघळलेला मध उघड्या बोटाने पुसून घेतला, दोन मिनिटं थांबले, साबणाने धुतला. हात लख्ख. टाळ्या पडल्या, आणि या वेळी कशासाठी ते मला माहीत होतं. अर्थात, वरून हातमोजे घालायचेच, हे मी शेवटी बजावलं.

सदूदादा हसून म्हणाले, "शिकलेली असून आमच्यातलीच निघालात, मॅडम." यासारखं सर्टिफिकेट नाही. इतके दिवस मी त्यांना पुस्तकातलं सांगत होते. आज पहिल्यांदा घरातलं सांगितलं.

२१ मार्च, शुक्रवार

काल चवदार तळ्यावर गर्दी होती, घरी पाहुणे मुक्कामाला. आईच्या हाताखाली दोनशे चपात्या लाटल्या असतील. आज ऑफिसात बसल्या बसल्या डुलकी येत होती, तेवढ्यात प्लँट मॅनेजर देवस्थळी साहेबांनी बोलावलं. म्हटलं, मेले. तर आमच्या तेलाच्या कल्पनेला मुंबईच्या मुख्य ऑफिसने बक्षीस दिलंय! पोस्टर छापायचं ठरलं.

पोस्टरसाठी हात हवे होते. मी राजश्रीचे निवडले. ती फिलिंगवर कंत्राटी आहे, पिंपांची बुचं बसवते. कशेडी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतून रोज येते. नवरा मुंबईत हॉटेलात, घरी सासू आणि शाळेतली मुलगी. जुलैमध्ये कंत्राटी लोकांतले काही जण कायम होणार आहेत, आणि तिचं नाव यादीत वर आहे. कामाला वाघीण. हातही कसे सुरेख, लांबसडक बोटं, हिरव्या बांगड्या. तेलाने चमकणारे दोन तळवे, खाली लिहिलं: "आपली परंपरा, आपली सुरक्षा."

राजश्री लाजली. "माझा तोंड नको हां मॅडम, हातच घ्या. सासू म्हणंल, कामाला गेली का नाटकात."

८ एप्रिल, मंगळवार

स्टोअरमधून कळलं की फिलिंगवरच्या हातमोज्यांचा खप निम्म्यावर आलाय. तेल लावल्यामुळे मोजे आतून खराब होत नाहीत, जास्त दिवस टिकतात, असं मी साहेबांना समजावून सांगितलं. साहेब खूश. मीही खूश. सुरक्षा आणि बचत एकत्र नांदत नाहीत, असं कॉलेजात शिकवायचे. या म्हणावं महाडला.

१६ एप्रिल, बुधवार

जयंतीच्या मिरवणुकीत नाचून पाय मोडलेत. निळा गुलाल अजून कानात आहे.

राजश्रीच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ आलंय, खाज सुटते म्हणाली. विचारलं, घरी काजू आहेत का? आहेत, चार झाडं. मग झालं! काजूच्या टरफलाच्या तेलाने हात भाजले असणार. या दिवसांत पोलादपूरच्या निम्म्या बायकांचे हात असेच असतात. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी काजू सोलू नकोस आणि तेल जरा जास्त चोळत जा.

सदूदादांच्याही अंगठ्याला भेगा पडल्यात. त्यांनी जयंतीआधी समाजमंदिराला चुना दिला होता. चुन्याने होतंच.

२ मे, शुक्रवार

राजश्रीचं पुरळ मनगटापर्यंत चढलं. पाणी सुटतंय. "रातची झोप लागत नाय," म्हणाली, "खाजवून खाजवून अंथरुणाला रक्त लागतं." तरी एक खाडा नाही. यादी लागेपर्यंत खाडा करायचा नाही, अशी तिची शपथ आहे. मी म्हटलं, काजू बंद केलेस ना? म्हणाली, "काजवाला हात लावून महिना झाला."

मग काय असेल? साबण असेल. कारखान्याचा साबण हलका असतो. मी खोबरेल तेलाचा नवीन डबा मागवला, लाकडी घाण्यावरचं, एकदम शुद्ध. दुकानातल्या तेलात भेसळ असते.

मनात काहीतरी टोचतंय, पण नक्की काय ते धरता येत नाही. उन्हाळा फार आहे यंदा.

१२ मे, सोमवार, बुद्धपौर्णिमा

सगळं पहिल्यापासून लिहिते.

सकाळी विहारात जाऊन आलो, खीर झाली, आईने पिकलेला फणस काढला. मी गरे सोडवत होते. आई सहज म्हणाली, "काय गं, एवढी बी.एस्सी. झालीस, तेलानं चीक का सुटतो ते सांग बघू." मी शहाणपणाने सुरू केलं, "सोपं आहे आई, चीक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेलात उतरला की..."

आणि माझंच बोलणं मला ऐकू आलं.

तेलात विरघळतो. म्हणून सुटतो. आणि आमचा मध? तो तर तेलात विरघळावा म्हणूनच बनवलाय! तेच त्याचं काम, त्याचेच आम्ही पैसे घेतो. मी लोकांच्या हाताला तेल चोळायला लावलं, आणि त्या तेलात तो मध अलगद उतरला, कातडीच्या भेगांतून आत गेला. फणस घटकाभर हातात असतो. हे लोक अख्खी पाळी तसेच राबतात. तेलाने त्यांच्या हाताला कवच दिलं नाही, दार उघडून दिलं.

काजू! चुना! साबण! सगळ्यांवर आळ घेऊन झाला माझा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे माझा बैल रिकामा राहिला नाही, दुसऱ्याच्या शेतात शिरून सगळं तुडवून आला.

आई विचारत राहिली काय झालं. मी म्हटलं, पोटात दुखतंय.

१३ मे, मंगळवार

सकाळी सगळ्यांना सांगितलं, तेल बंद. आजपासून, आत्तापासून. का तेही सांगितलं. मग सदूदादा म्हणाले, "मॅडम, परवापर्यंत तेल चांगला होता. आज वाईट झाला?" कोणीतरी मागून हसलं. दुसरा म्हणाला, माझ्या आज्याने आयुष्यभर फणस चिरले, त्याच्या हाताला कधी काय झालं नाही. मी म्हटलं, फणस वेगळा आणि हे वेगळं. तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत एकच म्हणून."

हात दाखवून अवलक्षण. भिंतीवरचं पोस्टर मी स्वतः स्टुलावर चढून फाडलं. ते इतकं घट्ट चिकटवलं होतं की राजश्रीची दोन बोटं भिंतीवरच राहिली.

१५ मे, गुरुवार

राजश्रीला घेऊन महाडमधल्या चामडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही हात भिंगाखाली पाहिले. म्हणाले, ही अॅलर्जी आहे, कशाची ते तपासून बघू. काजूची असेल तर औषधाने बरं वाटेल, पुन्हा कामावर जा. पण तुमच्या केमिकलची असेल तर मात्र शरीर एकदा ओळखून बसलं की विसरत नाही, पुन्हा त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

राजश्रीने क्षणभरही वेळ घेतला नाही. "काजूच, डॉक्टर. काजूच हाय. आमच्याकडं चार झाडं हाय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहीना. पंधरा दिवसांपूर्वी हीच मला म्हणाली होती की महिनाभर काजूला हात लावलेला नाही. बाहेर आल्यावर म्हटलं, असं का सांगितलंस? तर म्हणाली, "केमिकलची निघाली तर मी घरी. काजूची निघाली तर मी कायम. तुम्हीच सांगा काय सांगू."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. काजू असेल तर माझी चूकच नाही. जुलैत माझंही प्रोबेशन संपतंय. लाज वाटते लिहायला, पण वाटलं खरं.

१८ मे, रविवार

राजश्रीच्या घरी गेले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. घाटात ट्रकांची रांग लागली होती, रिक्षावाल्याने मधल्या आडवाटेने नेलं.

ती चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या करत होती. उजव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून पीठ मळत होती. गरम पाणी हाताला सोसत नाही म्हणून. भाकरी कडेने फाटत होती. तिची सासू सुंदराबाई पाटावर बसून पाहत होती. मला म्हणाली, "बघा बाय, हिच्या हातची भाकरी सगळी वाडी मागायची. आता पोरगी पण नाय खात."

मी कसंबसं बोलले. राजश्री, डॉक्टरांना खरं सांगू. तू परत फिलिंगला गेलीस तर हे खांद्यापर्यंत चढेल, चेहऱ्यावर येईल. कायम होऊन काय उपयोग? ती पीठ मळतच होती. मग मी सांगितलं, हे माझ्यामुळे झालं. मी तेल लावायला सांगितलं नसतं तर...

ती थांबली. पिशवी काढली, हात पदराला न पुसता तसाच मांडीवर ठेवला.

"मॅडम, तुम्ही सांगितलं नसतं तरी मी तेल लावलाच असता. लहानपणापासून लावतो आम्ही. पण मी मोजे काढले ते तुमच्यामुळं. तुम्ही उघड्या हातानं मध पुसलात सगळ्यांच्या समोर. तुम्हाला काय झाला नाय, म्हणजे मला पण काय होणार नाय, असा वाटला मला."

शेवटी मोजे घाला असं मी म्हटलं होतं. म्हटलं होतं ना? म्हटलं होतं. पण ते कोणी ऐकलं नाही, कारण सगळ्यांनी पाहिलं होतं. खप निम्म्यावर आला होता आणि मी साहेबांकडे शाबासकी घ्यायला गेले होते! मला तिथेच रडू आलं. सुंदराबाईंनी पाणी दिलं. राजश्रीने समजूत बिमजूत काही काढली नाही. तिला राग आला होता आणि तो तिने लपवलाही नाही.

मी निघाले तेव्हा अंगणापर्यंत आली. म्हणाली, "सांगा मग खरा. पण सगळा सांगा. नायतर उद्या कारखान्यात म्हणतील, राजश्रीनं मोजे घातले नाय, तिचीच चूक. माझी नोकरी जायची असंल तर जाऊ दे, माझ्यावर ठपका नको."

१९ मे, सोमवार

देवस्थळी साहेबांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या अहवालाचा मसुदा पूर्ण वाचला. मग म्हणाले, "घरगुती कारण लिही आणि मोकळी हो. तिची बदली आपण गुपचूप करू. हे असं लिहिलंस तर वरून पहिला प्रश्न येईल, हे प्रात्यक्षिक केलं कोणी?"

म्हटलं, मी केलं.

"प्रोबेशन आहे तुझं."

माहीत आहे, म्हटलं. पण गुपचूप बदली केली तर उद्या नवा साहेब तिला गुपचूप परत फिलिंगला पाठवेल. आणि सदूदादांच्या अंगठ्याचं काय? चुना म्हणायचं? साहेब म्हणाले, "भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस." मी म्हटलं, भावनेच्या भरात मार्चमध्ये घेतला होता, आता शुद्धीवर आहे.

एवढं बोलून बाहेर आले आणि जिन्यातच आई आठवली. आईला काय सांगू? नोकरी लागली तेव्हा तिने पूर्ण आळीला पेढे वाटले होते.

१० जून, मंगळवार

तपासणीत काजू नाहीच. मधच.

चौकशीसाठी मुंबईहून दोघे आले होते. माझ्या तोंडून सगळं वदवून घेतलं, जबाब घेतला. मी काही लपवलं नाही, पण काही ठिकाणी आवाज चढला हे खरं. राजश्रीचा आजार कामामुळे झाला असं लेखी ठरलं, म्हणून तिला काढता येत नाही. डिस्पॅचला ठेवलंय, मधापासून लांब. सदूदादांना औषध चालू आहे. त्यांनी काल आपली तेलाची बाटली घरी नेली. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

१ जुलै, मंगळवार

यादी लागली. राजश्री कायम. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. आईला सांगितलं, ती म्हणाली, "काढलं नाही ना? मग जेव." जेवले.

अभिनंदन करायला डिस्पॅचला गेले. राजश्री पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. हात सुकलेत, पण कातडी जाड आणि काळी पडलीय, बोटं पूर्ण मिटत नाहीत. मी म्हटलं, अजून रागावलीस?

"हो," म्हणाली.

बरं, म्हटलं. वळले, तर तिने हाक मारली. तिच्या जागी बुचं बसवायला चंद्राबाई म्हणून नवी बाई आलीय, अंगाने बारीक, तिच्याच वाडीची. राजश्री म्हणाली, "तिला तेवढे मोजे नीट बघा. तिनं पण सकाळी काढून ठेवलेत."

मी म्हटलं, आता का? तेल बंद झालं, सगळं समजावून झालं, परत का काढले?

"तेलाचा काय नाय मॅडम त्यात. ते मोजे पुरुषांच्या मापाचे हाय. बोटं पुढं लोंबतात, बुचाचा आटा कळत नाय, पिंप सांडतो, मग मुकादम ओरडतो. आम्ही सगळ्या बायका म्हणून मधनं मधनं काढतो. पहिल्यापास्नं. तुमचा हात बघून मी पुरते काढले, एवढाच."

स्टोअरमध्ये गेले, एक जोडी मागितली. एकाच मापाचे येतात, बारा वर्षं तेच येतायत. हात आत घातला. बोटांच्या टोकांशी इंचभर मोजा रिकामाच लोंबत राहिला. फिलिंगला जाऊन चंद्राबाईच्या शेजारी उभी राहिले आणि एक बूच फिरवायला घेतलं. तीनदा निसटलं. चौथ्यांदा तिरकं बसलं आणि मध मनगटावरून मोज्याच्या आत ओघळला. चंद्राबाईने घाईघाईने चिंधी पुढे केली.

जानेवारीपासून मी या लोकांवर ओरडतेय. मोजा एकदाही घालून पाहिला नव्हता.